वर न गेलेला हात

ही हकिकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट फार वेळा सांगितली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सांगितली, नातवंडांना सांगितली, निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात हार गळ्यात असताना सांगितली. फक्त दर वेळी त्यातले पाच-सहा सेकंद गाळून सांगितली.

गेल्या महिन्यात कॉलेजचं पत्र आलं. स्मरणिका निघणार आहे, तेव्हा कॉलेजला पहिला करंडक मिळवून देणाऱ्या कर्णधाराने आठवणी लिहून द्याव्यात. मी दिल्या. समितीतले एक तरुण प्राध्यापक घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवताना म्हणाले, "सर, फार छान उतरलंय. फक्त शेवटची तीन पानं आपण जरा... म्हणजे प्रसंग आनंदाचा आहे ना."

मी म्हणालो, "छापायचं तर सगळं छापा. नाहीतर पानं परत द्या."

त्यांनी पानं परत दिली. ही ती पानं. मधल्या काळात मी त्यांत बरीच भर घातली आहे, म्हणजे पुन्हा कुणाला शेवट कापायचा झालाच तर तो कुठे सुरू होतो ते सापडू नये.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमचं कॉलेज नवं होतं. दोन कौलारू इमारती आणि मागे उताराचं, दगडगोट्यांचं मैदान. मुलं बहुतेक खेड्यांतली, कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडची. कॉलेजचंच एक बोर्डिंग होतं. तिथे राहायचं, तिथेच आमटी-भाकरी खायची आणि त्याच्या जोरावर शिकायचं. बोर्डिंगातली जागा गेली म्हणजे शिक्षण गेलं, हे तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं. मी बोर्डिंगातला नव्हतो. आमचं घर राजारामपुरीत, वडील शाळामास्तर. त्यामुळे संघात माझं नाव पडलं 'मास्तर'.

कोल्हापुरात खेळ म्हणजे कुस्ती, आणि त्यातून उरलेल्यांना फुटबॉल. बास्केटबॉल हा गावातल्या मोठ्या कॉलेजचा खेळ होता. त्यांचं कोर्ट पक्कं, पायांत सगळ्यांच्या पांढरे बूट. एकदा आमची काही मुलं तिथे नुसती बघत उभी होती, तर एकजण म्हणाला, "काय पावणं, लांग आणलाय का? इथं हौदा न्हाय." कुस्तीचा लंगोट आणि मातीचा हौदा, त्याच्या लेखी आमची ओळख तेवढीच. सगळे हसले. आमच्यातलाही एक हसला, आणि त्याचाच आम्हाला जास्त राग आला.

आमचे पी. टी.चे सर लष्करातून आलेले. छावणीत हा खेळ ते खेळले होते. त्यांना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून फावडी घेऊन या."

आम्ही कोर्ट बांधलं. मुरूम आणला, पसरला, पाणी मारलं, चोपण्यांनी चोपला, वरून दगडी रूळ फिरवला. खेड्यातल्या मुलांना ही कामं नवी नव्हती. माझ्याच हाताला फोड आले. खांबांना दोन वासे, वर आंब्याच्या फळ्या, फळ्यांना चुना. चेंडू टाकायच्या कड्या मात्र लोहाराकडून करून घ्यायच्या होत्या. लोहाराने विचारलं, "काय कामाला पायजेत?" सरांबरोबर गेलेल्या मुलाने हातातला चेंडू दाखवून सांगितलं, "ह्यो त्यातनं गेला पायजे." लोहाराने सुतळीने चेंडूचं माप घेतलं, चार बोटं जास्त धरली आणि दोन घट्ट कड्या बनवून दिल्या. आम्ही पुढे आठ महिने त्या कड्यांवर नेम धरत होतो. कधी चेंडू कडीवर आपटून परत यायचा, कधी कडी आणि फळीच्या मध्ये अडकून बसायचा, मग बांबूने काढायचा. खेळच अवघड आहे अशी आमची समजूत होती.

आता ज्याच्यासाठी हे लिहितो आहे त्याच्याकडे येतो.

तो नेसरीचा. घरी शेती. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. सहा फुटांवर उंची, कुस्तीने चुरगळलेले कान, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नसे. सगळे त्याला पैलवान म्हणत. सरांनी त्याला कडीखाली उभा केला. पहिल्या दिवशी चेंडू घेऊन मी आत घुसलो, तर त्याने मला कमरेला धरून अलगद उचललं आणि रेषेबाहेर नेऊन ठेवलं.

सर ओरडले, "अरे, फाउल आहे तो!"

"लागलं का ह्याला?" तो म्हणाला. "इचारा की. जपून ठेवलाय."

सरांनी त्याला शिक्षा दिली. महिनाभर हात पाठीशी बांधून खेळायचं. चेंडू अडवायचा तो पायांनी, छातीने, नुसतं योग्य जागी उभं राहून. महिन्यानंतर हात सोडले तेव्हा तो दोन्ही हात सरळ आभाळाकडे धरून उभा राहायला लागला आणि पुढे कायम तसाच खेळला. मी तुम्हाला निक्षून सांगतो, कारण त्याच्याबद्दल उलट लिहिलं आणि बोललं गेलं आहे. आमच्या संघात सगळ्यांत स्वच्छ खेळणारा तो होता. कोपर मारायचो मी. मास्तराचा मुलगा, राजारामपुरीतला. मी बारीक होतो, चपळ होतो, आणि कुणी पुढे गेलेलं मला सहन होत नसे. प्रत्येक सराव सामन्यात माझे चार फाउल ठरलेले. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो.

पायांत जोर यावा म्हणून तो मला पहाटे आपल्या तालमीत नेऊ लागला. तिथला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकदा मस्ती करताना कुणाचा तरी धक्का लागून पाण्याचा रांजण फुटला. वस्ताद आले, त्यांनी ओल्या मातीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी?" माझ्या डोळ्यांदेखत एका पोरसवद्या मल्लाने तो फोडला होता. पण हात वर गेला तो पैलवानाचा, वस्तादांचा शब्द संपायच्या आत. वस्ताद म्हणाले, "दोनशे." त्याने दोनशे बैठका मारल्या, अंग पुसलं, आणि नवा रांजण स्वतः खांद्यावरून आणला. कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

येताना मी म्हणालो, "तू कुठे फोडलास?"

"न्हाई फोडला."

"मग?"

"आरं मास्तर, इचारल्यावर हात उशिरा वर गेला की तालमीची अब्रू जाती. कुणाचा हात, ते वस्ताद बघत न्हाईत. ज्याला झेपतंय त्यानं करायचा. बैठका मारल्या, घाम गेला, मिटलं."

मला ती रीत फार आवडली. घरी येऊन आईला सांगितल्याचंही आठवतं.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामने कोल्हापुरात होते, मोठ्या कॉलेजच्या कोर्टावर. बाद पद्धतीचे. एकदा हरलं की घरी. आमचं नाव यादीत तळाला, कुणीतरी हाताने घातलेलं. सामन्यांआधी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. ते सज्जन होते, पण कॉलेज नवं असल्याने त्यांना लोकांच्या बोलण्याची फार धास्ती. म्हणाले, "आपली मुलं दांडगाई करतात असं गावात बोललं जातं. तुमच्यापैकी कुणाची एक तक्रार माझ्याकडे आली, तर तो बोर्डिंगात राहणार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो." बोलताना त्यांची नजर पैलवानाच्या कानांवर होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी कुठे बोर्डिंगात होतो?

पहिल्या सामन्याआधी सरावाला आम्ही त्या कोर्टावर उतरलो. मी सहज चेंडू टाकला. तो कडीला न लागता खाली आला. दुसरा टाकला, तोही. मग इतरांनी टाकले. विहिरीत घागर सोडावी तसे चेंडू आत जात होते. आमच्यातला एक कडीखाली जाऊन वर बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ह्येंची कडी लई मोठी हाय. फसवत्यात काय आपल्याला?"

सर मिशीत हसले. "कडी बरोबर आहे. आपली लहान होती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशी. म्हटलं, राहू दे."

आठ महिने! आम्हाला त्यांना उचलून पंचगंगेत टाकावंसं वाटलं.

पहिला सामना साताऱ्याच्या संघाशी झाला. बघायला पंचवीस-तीस माणसं. आम्ही जिंकलो तेव्हा आमच्यापेक्षा तीच जास्त गोंधळली. दुसरा बेळगावच्या संघाशी. आमच्यातले तिघे अनवाणी खेळत होते, कारण बूट घातले की त्यांना पाय जमिनीवर आहेत असं वाटत नसे. पक्क्या कोर्टाने तळवे सोलले. त्यांनी वर हळद-तेल लावलं आणि पुन्हा उभे राहिले. बेळगावकर दमले, हे दमले नाहीत. उपांत्य सामना मोठ्या कॉलेजशी, त्यांच्याच कोर्टावर, त्यांच्याच लोकांसमोर. तोपर्यंत गावात बोलवा झाली होती. तालमीतालमींतून पैलवान आले, फेटे आले, बोर्डिंगातली सगळी मुलं आली. खेळ कुणालाच कळत नव्हता.

"धर की त्याला!"

"पट काढ, पट!"

"आरं ए, टोपलीत टाक की! हातात धरून काय अंडी उबवतोयस?"

'लांग आणलाय का' म्हणणारा त्या दिवशी पैलवानासमोर होता. पैलवान त्याला एकदाही शिवला नाही. दोन्ही हात वर धरून नुसता त्याच्यापुढे उभा राहायचा, आणि त्याला कडी दिसायची नाही. सामना संपल्यावर पैलवान त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "पावणं, लांग आणलाय. हौदा कुठाय?" मग स्वतःच हसून त्याला मिठी मारली. मी आयुष्यात बरेच विजय बघितले. एवढा निर्मळ दुसरा बघितला नाही. कुणी म्हणेल की आमचा संघ नशिबाने किंवा दांडगाईने पुढे गेला, तर त्याला मी या वयातही उभा राहून सांगेन की खोटं बोलतोस. ते तिन्ही सामने आम्ही कमावले होते.

अंतिम सामना पुण्याच्या संघाशी. ते गेल्या वर्षीचे विजेते. त्यांच्यात एक ठेंगणा, गोरा मुलगा होता. चेंडू त्याच्या हाताला दोरीने बांधलाय असं वाटे. मी त्याला अडवायचं असं सरांनी ठरवलं होतं आणि मला तो सापडत नव्हता. मध्यंतरापर्यंत माझे तीन फाउल झाले, नंतर चौथा. पैलवान माझ्या जवळून जाताना म्हणाला, "मास्तर, कोपर आवर."

शेवटची तीन-चार मिनिटं उरली. आम्ही एका गुणाने पुढे. त्या मुलाने मला हूल देऊन मागे टाकलं आणि तो कडीकडे उडाला. कडीखाली आमचे तिघे, त्यांचे दोघे, नुसती गर्दी. मी मागून पोचलो. चेंडू हाताला लागणार नाही हे मला कळलं होतं. ते कळूनही मी कोपर घातला. मुद्दाम. इतकी वर्षं मी हा शब्द टाळला. तो मुलगा तोंडावर पडला. उठला तेव्हा ओठ फाटला होता आणि पुढचे दोन दात तुटले होते.

शिट्टी झाली. पंच कडेला होते. फटका त्यांना दिसला, हात कुणाचा ते गर्दीत दिसलं नाही. दुसरे पंच पार दुसऱ्या टोकाला. ज्याला लागलं त्याला मागून लागलं होतं. तेव्हा नियम होता की ज्याच्याकडून फाउल झाला त्याने हात वर करायचा, म्हणजे टेबलावर लिहिणाऱ्याला नंबर दिसतो. पंच आमच्या घोळक्याकडे बघून म्हणाले, "कोण? हात वर करा."

माझा पाचवा फाउल होता. मी बाहेर जाणार होतो. करंडक बाहेरून बघणार होतो. हे सगळं मी त्या वेळी विचार करून ठरवलं असं नाही. मी फक्त हात वर केला नाही. तो माझ्या अंगाला चिकटून राहिला. तीन सेकंद, चार सेकंद.

मग हात वर गेला. तो मोठा, मातीने राठ झालेला हात मी ओळखला. पैलवान टेबलाकडे तोंड करून उभा राहिला.

पंचांनी दातांकडे पाहिलं आणि त्याला साधा फाउल न देता थेट मैदानाबाहेर काढलं. तो जाताना प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "शेवटी पैलवान त्यो पैलवानच!" त्याच्या कपाळावर आठी नव्हती. दोनशे बैठका मारायला निघालेला माणूस दिसावा तसा तो दिसत होता. रीत त्याच्या तालमीची होती. इथे टेबलावर कागद होता आणि कागदावर घाम गाळून काही मिटत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी मास्तराचा मुलगा होतो.

पुण्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि ते एका गुणाने पुढे गेले. शेवटच्या काही सेकंदांत मी लांबून चेंडू टाकला आणि तो कडीत पडला. हा भाग सगळ्यांना माहीत आहे. स्मरणिकेत तो येईल.

हलगी वाजायला लागली. कुस्तीच्या फडातल्यासारखं लोकांनी मला खांद्यावर घेतलं. विजेत्याला फेटा बांधायचा, पण फेटा कुणी आणला नव्हता, कारण आम्ही जिंकू असं कुणालाच वाटलं नव्हतं. तेव्हा दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पैलवानाने आपल्या पिशवीतून एक गुलाबी फेटा काढून पुढे दिला. गावच्या जत्रेत कुस्ती मारून मिळवलेला. सामने सुरू झाल्यापासून पैलवान तो रोज जवळ बाळगत होता. कुणीतरी तो माझ्या डोक्याला बांधला.

चार दिवसांनी पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं. भाषा सभ्य होती, तक्रार रास्त होती. प्राचार्यांनी सगळ्या संघाला बोलावलं. टेबलावर पत्र, शेजारी करंडक.

"हे कुणी केलं ते नोंदीत आहेच," ते म्हणाले. "तरी मी विचारतो."

पैलवान म्हणाला, "व्हय सर. माज्याकडनं झालं."

मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. आदल्या संध्याकाळी सरांनी मला एकट्याला गाठून विचारलं होतं, "तुला काही सांगायचंय?" मी म्हणालो होतो, "नाही सर." त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. बहुधा त्यांना कळलं होतं. कडीचं कळलं होतं तसं. तेही गप्प राहिले, पण त्यांच्या गप्प राहण्यावर मी माझं ओझं टाकणार नाही.

प्राचार्यांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. पैलवान वाट बघत होता. किती बैठका सांगतात, याची वाट बघतोय असंच मला वाटलं. प्राचार्य म्हणाले, "महिनाअखेर बोर्डिंगातली जागा सोड." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादा गडी ओझ्याचं एक टोक उचलतो आणि दुसरं टोक कुणी उचलतंय का म्हणून बघतो, तसं त्याने पाहिलं. मी करंडकाकडे बघत होतो.

गडहिंग्लजच्या गाडीवर मी त्याला सोडायला गेलो. घरून निघताना ठरवलं होतं की आज सांगायचं. गाडी लागली होती. त्याची वळकटी टपावर चढवली. आम्ही उसाबद्दल बोललो, परीक्षेबद्दल बोललो. मी म्हणालो, "बाहेरून परीक्षा दे."

"बघू की. अण्णांचं गुडघं धरल्यात. शेतात मानूस पायजे." मग खिडकीतून त्याने विचारलं, अगदी सहज, "मास्तर, एक इचारू? त्या वक्ताला तुज्या हाताला काय झालतं?"

"मला कळलंच नाही," मी म्हणालो. "गर्दीत... माझा लागला की कुणाचा..."

"आसंल," तो म्हणाला.

गाडी गेली. फेटा माझ्याकडे राहिला.

त्याने परीक्षा दिली नाही. मी दिली, पास झालो. नोकरीच्या मुलाखतीत खेळाचं प्रमाणपत्र उपयोगी पडलं. पुढे बढत्या, घर, मुलं. कॉलेजच्या फलकावर माझं नाव सोनेरी अक्षरांत आहे. संघाच्या फोटोत तो नाही, कारण फोटो काढला तेव्हा तो नेसरीला पोचला होता.

पस्तिसेक वर्षांनी मी नेसरीला गेलो. एकटाच, पिशवीत फेटा घेऊन. घर शोधावं लागलं नाही. पैलवान म्हटल्यावर पहिल्याच माणसाने 'दात पाडनारा पैलवान न्हवं?' म्हणत हात दाखवला. गावात त्याला त्या नावाने ओळखत होते.

तो अंगणात होता. केस पांढरे, खांदे तेच. मला बघून मोठ्याने ओरडला, "आरं, मास्तर! आमचा कॅप्टन आला बघा!" माणसं गोळा झाली. भाकरी थापली जाऊ लागली. त्याचा मुलगा पुढे आला, विशीचा, बापाएवढाच उंच. मी विचारलं, "तू खेळतोस का काही?"

मुलगा हसला. "खेळायचो शाळंत. पन सर म्हनायचे, तू बापागत कुणाचं तरी दात पाडशील. मग सोडलं."

पैलवानाने ते ऐकलं. मग तो उठला आणि सगळ्यांसमोर सामना सांगू लागला. तो छान सांगायचा. कडी, लोहार, बेळगावकर, सगळं. आणि मग त्या पाच-सहा सेकंदांपर्यंत आला. जे मी आयुष्यभर गाळलं ते त्याने सांगितलं. उभं राहून करून दाखवलं. मागून धावत यायचं, उडायचं आणि उजवा कोपर असा आडवा घालायचा. "आसा हानला!" लोक हसले. तो मात्र माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं.

"काय मास्तर," तो म्हणाला, "आसंच झालतं की न्हाई?"

त्याचा मुलगा माझ्याकडे बघत होता. एक वाक्य पुरे होतं. त्याने ते माझ्या तोंडापर्यंत आणून ठेवलं होतं. पस्तीस वर्षं थांबून पुन्हा एकदा, सगळ्या गावासमोर, त्याने विचारलं होतं, कोण? हात वर करा.

मी म्हणालो, "असंच."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग कोपर खाली घेतला आणि म्हणाला, "चला, भाकरी खावा. गार हुतीया."

फेटा मी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. दोन वर्षांमागे तो गेल्याचं कळलं, तेही उशिरा.

आता कुणी म्हणेल, म्हातारपणी हे उकरून काय मिळवलं? कॉलेजचं नाव कशाला खराब करता? करंडकाची चिंता असेल तर पुण्याच्या कॉलेजने तो घेऊन जावा, माझी हरकत नाही. त्यांच्या त्या खेळाडूचीही मी कधी विचारपूस केली नाही. तो असेल तर त्याने वाचावं की त्याचे दात मी पाडले. पण संघाला कुणी बोट लावू नये. मुरूम चोपणारी, सोललेल्या तळव्यांनी पळणारी ती मुलं दांडगी नव्हती. दांडगा एकच होता आणि त्याचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. ते पुसा असं मी कॉलेजला लिहिलं आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे, आणि ही पानं नेसरीच्या पत्त्यावर त्याच्या मुलालाही पाठवणार आहे. पण ज्याला सांगायचं होतं तो ती वाचायला नाही.

त्या दिवशी गडहिंग्लजहून नेसरीला जाणाऱ्या गाडीत मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. शेजारचा माणूस वळून बघायला लागला इतक्या वेळा पुटपुटलो होतो. घरात शिरल्या शिरल्या, फेटा त्याच्या हातात देऊन, बसायच्या आधी बोलायचं होतं:

"पैलवान, तो कोपर माझा होता. मुद्दाम मारला होता. त्या वेळी माझ्या हाताला काही झालं नव्हतं, मीच तो वर केला नाही. हे तुझ्या पोराबाळांसमोर सांगतोय, त्यांनी ऐकावं. मला माफ कर."